नापास व्हायची तालीम

साल एकोणीसशे एक्याऐंशी. त्या हिवाळ्यात मावशीने साऱ्या गल्लीला सांगून टाकलं, की सरकारशी कसं भांडतात ते आता मी दाखवते. गल्लीने मान डोलावली. मावशीचं म्हणणं खोडून काढायची गल्लीत पद्धतच नव्हती. पूर्वी एकदा नळाला पाणी येईना, तेव्हा ती पाणीखात्याच्या साहेबाच्या घरी जाऊन बसली होती. साहेब जेवायला बसला, ही बसलेली. साहेब आडवा झाला, ही बसलेलीच. दुसऱ्या दिवशी पहाटे नळ असा धो धो वाहिला की बादल्या कमी पडल्या.

ती तशी कुणाचीच मावशी नव्हती, पण सगळे तिला मावशी म्हणत. तिच्या यजमानांना सगळे तारवाले म्हणत, कारण फौजेत त्यांचं काम टेलिफोनच्या तारा टाकण्याचं होतं. बर्फाच्या डोंगरांवर, खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन, एका ठाण्यापासून दुसऱ्या ठाण्यापर्यंत. हातमोजे घालून तारेची गाठ मारता येत नाही, म्हणून बोटं उघडी. बुटात बर्फाचं पाणी. अशी किती वर्षं काढली असतील, त्यांनी कधी मोजली नाहीत. घरी आले तेव्हा मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पाठ ताठ होती, आणि पाय कुठे पडतोय ते बघितल्याशिवाय त्यांना चालता येत नव्हतं. जमिनीवर काहीतरी हरवल्यासारखे चालत. अंधारात तर भिंतीला हात लावल्याशिवाय पाऊल पुढे पडत नसे.

"थंडीने नसा गेल्यात," असं डॉक्टर म्हणाले होते. तारवाले म्हणत, "काही नाही, जरा बधिरपणा आहे."

हा जरासा बधिरपणा किती आहे ते मावशीला त्याच हिवाळ्यात कळलं. पाय गार पडतात म्हणून तारवाल्यांनी गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी घेतली आणि छान झोपले. सकाळी मावशी चादर ओढायला गेली तर चादर पायाला चिकटलेली. तळव्याला हा एवढा फोड, फुटून वाहिलेला.

"अहो, हे केव्हा भाजलं?"

"काय?" तारवाले वाकून बघत म्हणाले. जसा काही पाय शेजाऱ्याचा होता.

ती जखम भरायला फार दिवस लागले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, की अशी आणखी एक जखम झाली आणि चिघळली तर बोटं काढावी लागतील, कदाचित पाऊलही. फौजी इस्पितळात अशा पायांसाठी वेगळा विभाग होता. तिथे मापाचे खास बूट करून देत, दर महिन्याला तळवे तपासत. पण तिथे प्रवेश कुणाला, तर ज्याचं दुखणं नोकरीतून आलंय असं पेन्शनच्या मंडळाने मान्य केलंय त्यालाच. आणि मंडळाने तारवाल्यांचा अर्ज फेटाळला होता. कारण एका ओळीचं होतं: तपासणीत कोणताही दोष आढळला नाही.

आता अपील तेवढं राहिलं होतं. ते एकदाच करता येई. ते गेलं की दार बंद.

"दोष आढळला नाही म्हणजे काय?" मावशीने विचारलं. "डॉक्टरांनी तपासलं तरी का तुम्हाला?"

"तपासलं तर. अगदी नीट तपासलं," तारवाले म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला. "डोळे मिटायला लावले. मग पायाला कुठेकुठे सुई आणि कापूस लावत होते. कळलं की सांगायचं."

"आणि तुम्हाला कळलं?"

"दहापैकी दहा."

मावशीने वळून त्यांच्या तळव्याकडे बघितलं. ज्या माणसाला चादर चिकटलेली कळली नाही, त्याला कापूस कळला?

"पायाला नाही कळलं," तारवाले म्हणाले. आता त्यांच्या आवाजात गुपित फोडण्याचा आनंद होता. "कानाला कळलं. त्या तरुण डॉक्टरच्या मनगटावर घड्याळ सैल होतं. हात हलला की खुळखुळायचं. आणि डावीकडे वळला की खुर्ची करकरायची. खराब लाइनवर तिकडचा माणूस काय बोलतो ते ऐकण्यात जन्म गेला माझा. एवढं नाही ऐकू येणार? साहेब थक्कच झाले. म्हणाले, उत्तम."

"अहो, पण ती परीक्षा पास व्हायची नव्हती."

तारवाल्यांना हे वाक्य समजलंच नाही. परीक्षा आणि पास व्हायची नाही? फौजेत त्यांनी नेमबाजीची दिली, तारांची दिली, बर्फावर चालायची दिली. एकातही कधी मागे राहिले नव्हते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वन्सं आल्या. तारवाल्यांची ही धाकटी बहीण नवरा गेल्यापासून इथेच राहायला होती आणि दादाच्या बाजूने बोलायची एकही संधी सोडत नव्हती.

"वहिनी, आमच्या घरात आजवर कुणी नापास झालेलं नाही," त्या म्हणाल्या.

"वन्सं, तुम्ही सातवीत दोनदा बसला होतात."

"तेव्हा मला गोवर होता."

"दोन्ही वर्षं?"

वन्सं पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या. मावशीने पदर खोचला. त्या क्षणी तिने ठरवलं, की या माणसाला आपण नापास व्हायला शिकवायचं. कुठलंही खोटं बोलायचं नाही. जे कळत नाही ते कळत नाही, एवढंच म्हणायचं. यात अवघड काय आहे?

तिने दवाखान्यातल्या कंपाउंडरला गाठलं. तो बारीक चणीचा, मिशी नीट न फुटलेला, घाबरट माणूस. मावशीच्या मुलाच्या वर्गातला, त्यामुळे नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. रोज संध्याकाळी तो कापूस आणि सुई घेऊन यायचा. मावशी उंच पाठीच्या खुर्चीत अध्यक्ष म्हणून बसायची. तारवाले पलंगावर पाय पसरून, डोळे मिटून.

"लाव," मावशी म्हणायची.

कंपाउंडर कापूस लावायचा.

"उजवा अंगठा," तारवाले म्हणायचे.

"अहो, कसं कळलं?"

"त्याचा गुडघा वाजला."

मावशीने रेडिओ मोठ्याने लावला. तारवाल्यांनी डोळ्यांवर पडणाऱ्या सावलीवरून ओळखलं. डोळ्यांवर टॉवेल बांधला, तर कंपाउंडरच्या हाताला येणाऱ्या स्पिरिटच्या वासावरून ओळखलं. वासाने. मावशीने कंपाउंडरला साबणाने हात धुवायला लावले, तर तारवाले म्हणाले, "डावा घोटा. साबण आपल्या मोरीतला आहे." कंपाउंडर म्हणाला, "मावशी, काकांना पोलीस खात्यात द्या." स्वयंपाकघराच्या दारात वन्सं टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी होत्या.

"तुम्हाला जिंकायचंय की पाय वाचवायचेत?" मावशीने एकदा चिडून विचारलं.

"समोर साहेब बसलेला असताना मला माहीत नाही असं कसं म्हणायचं?" तारवाले म्हणाले. ते खरोखरच गोंधळले होते. "तोंडातून निघतच नाही."

तारीख जवळ येत चालली, तसा मावशीचा धीर सुटला आणि तिने सोपा रस्ता काढला. तिला तो तेव्हा फारच हुशारीचा वाटला होता.

"हे बघा," ती म्हणाली. "तुम्ही विचारच करू नका. कान नको, नाक नको. डॉक्टरने हात पुढे केला की म्हणायचं, नाही कळलं, साहेब. बस्स. हा माझा हुकूम समजा."

हुकूम म्हटल्यावर तारवाल्यांची पाठ आणखी ताठ झाली. हे त्यांना जमण्यासारखं होतं. कवायतच होती ती. कंपाउंडरचा हात पुढे, "नाही कळलं, साहेब." हात मागे, श्वास, हात पुढे, "नाही कळलं, साहेब." काय ताल, काय ठसका. दोन संध्याकाळी तर मावशीने नुसती चुटकी वाजवली तरी ते चुकले नाहीत.

"मावशी," कंपाउंडर चाचरत म्हणाला, "काकांचे दंड, खांदे चांगले आहेत हो. तिथे डॉक्टरांनी सुई लावली तर..."

"डॉक्टर पाय बघणार की खांदे? पायाचं अपील आहे."

"पण तपासताना ते सगळीकडे..."

"बघू तेव्हाचं तेव्हा," मावशी म्हणाली, आणि अपिलाच्या दिवशी कुठली साडी नेसायची याचा विचार करू लागली.

अपिलाच्या दिवशी सकाळी तिने तारवाल्यांच्या शर्टाची बटणं लावली. ती तर रोजच लावायची. नोकरी सुटल्यापासून तारवाल्यांना ही चैन लागली होती. "तुझ्या हातची बटणं जास्त बरी बसतात," असं म्हणत आणि लहान मुलासारखे समोर उभे राहत. मावशी रोज कुरकुरायची, की फौजेत कोण लावायचं, सेनापती येत होते काय? आणि रोज लावायची.

मंडळाचं कार्यालय म्हणजे एक लांबलचक बोळ आणि बोळाच्या दोन्ही बाजूंना बाकं. बाकांवर म्हातारे फौजी. कुणाची काठी, कुणाची कुबडी, कुणाच्या बाहीला आत दुमडून लावलेली पिन. कुणी कण्हत नव्हतं. उलट सगळे असे ताठ बसले होते की जणू आता कुणीतरी निशाण घेऊन येणार आहे. मावशीने ते बघितलं आणि तिच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. हे सगळेच आत जाऊन "उत्तम, साहेब" म्हणून येत असणार.

आत टेबलामागे तिघे होते. मधे अध्यक्ष, फौजेतून निवृत्त झालेले मोठे डॉक्टर, भुवया झाडूसारख्या. एका बाजूला टाइपरायटर पुढ्यात घेतलेला कारकून, दुसऱ्या बाजूला एक अधिकारी, ज्यांनी शेवटपर्यंत सहीखेरीज काही केलं नाही. पेशंटला मदत लागते म्हणून मावशीला कोपऱ्यात स्टूल मिळालं.

"झोपा. डोळे मिटा. मी हात लावीन. कळलं तर सांगा," मोठे डॉक्टर म्हणाले.

त्यांनी सुई उचलली. चष्मा नीट बसवण्यासाठी दुसरा हात उचलला, तशी बाही सळसळली.

"नाही कळलं, साहेब," तारवाले कडाडले.

मोठ्या डॉक्टरांनी हातातल्या सुईकडे बघितलं. सुई हवेतच होती. त्यांनी कारकुनाकडे बघितलं. मग वाकून त्यांनी सुईचं टोक हलकेच तारवाल्यांच्या खांद्याला लावलं.

"नाही कळलं, साहेब."

मग गळ्याशी. "नाही कळलं, साहेब." मग कानाच्या पाळीला. "नाही कळलं, साहेब." मग कपाळाला चांगलीच टोचली. तारवाल्यांच्या भुवया उडाल्या, पण ताल चुकला नाही.

"कपाळालाही कळत नाही?"

"नाही, साहेब."

"मग डोक्यावर टोपी आहे की नाही हे कसं कळतं?"

तालमीत हा प्रश्न नव्हता. तारवाल्यांनी क्षणभर विचार केला. "आरशात बघून, साहेब."

कारकुनाने टाइपरायटरमागे तोंड लपवलं. स्टुलावर बसलेल्या मावशीला कंपाउंडरचं घाबरट तोंड आठवत होतं.

मोठ्या डॉक्टरांनी सुई ठेवून दिली. "उठून बसा. पहिल्या तपासणीत सगळं कळत होतं, आता कपाळसुद्धा कळत नाही. हे सोंग आहे. लिहा."

कारकुनाची बोटं टाइपरायटरवर गेली. तारवाल्यांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मावशीला तो बघवेना. आयुष्यात त्या माणसाला भित्रा कुणी म्हणालं नव्हतं, खोटारडा तर नाहीच.

"साहेब," ते म्हणाले, "मी सोंग करत नाही. मला हुकूम होता."

"कुणाचा हुकूम?"

तारवाले फौजी होते. वरिष्ठाचं नाव सांगायचं नाही एवढी निष्ठा होती, पण डोळे आपोआप कोपऱ्यातल्या स्टुलाकडे गेले. मग टेबलामागच्या तिघांचेही गेले.

मावशी उभी राहिली. "माझा," ती म्हणाली. "मीच शिकवलं. पहिल्या वेळी ते पास झाले कारण कानाने ऐकून उत्तरं दिली. तुमच्या डॉक्टरांच्या घड्याळाचा पट्टा सैल होता. म्हणून या वेळी मी नापास व्हायला शिकवलं, तर ते सगळ्याच विषयांत नापास झाले."

"बाई, तुम्ही याला वाचवायला आलात की बुडवायला?"

"तुमच्या फौजेने जन्मभर यांना 'होय साहेब' शिकवलं," मावशी म्हणाली. "मला 'नाही साहेब' शिकवायला तीन आठवडे मिळाले. आता थोडं इकडेतिकडे व्हायचंच. पण पाय भाजला तरी ते झोपून राहिले, हे काही मी शिकवलेलं नाही. तळव्यावर डाग आहे. बघा."

मोठ्या डॉक्टरांनी तळवा उचलून बघितला. बराच वेळ बघितला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "फौजेत काय करत होतात?"

"तारा, साहेब."

"लाइन तुटली की कशी तपासायचा?"

तारवाल्यांचा आवाज बदलला. "एकेका ठाण्याला हाक मारायची, साहेब. उत्तर आलं तर कळवायचं, चालू. नाही आलं तर बंद."

"आणि बंद लाइन चालू आहे म्हणून कळवली तर?"

"तसं कसं करू, साहेब? त्या लाइनच्या भरवशावर पुढे माणसं असतात."

"अंदाजाने कळवायचं?"

"मुळीच नाही."

"ठीक आहे. आता लाइन तपासायची आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "हाक मी मारतो, डोक्यापासून पायापर्यंत, क्रमाने. कळवायचं तुम्ही." मग कारकुनाकडे वळून, "तुम्ही काहीही टाइप करत राहा, जोरात. याचे कान फार तिखट आहेत."

टाइपरायटर खडखडू लागला. तारवाल्यांनी डोळे मिटले. पण आता ते कवायतीला उभे असल्यासारखे दिसत नव्हते. डोकं जरासं कलतं केलं होतं, दूरचं काही ऐकताना माणूस करतो तसं.

"कपाळ, चालू," ते म्हणाले. "खांदा, चालू. कोपर, चालू." मग थोडं थांबून, "मनगट. आवाज फार बारीक आहे, साहेब."

"पुढे."

बराच वेळ काही नाही. डॉक्टर तारवाल्यांच्या बोटांना सुई लावत होते, एकामागून एक, चांगली दाबून. मावशीला स्टुलावरून दिसत होतं.

"उजवा हात, बोटं," तारवाले हळूच म्हणाले. "बंद. डावा हात, बोटं. बंद."

मावशीला पायांचं माहीत होतं. बोटांचं माहीत नव्हतं. रोज सकाळी समोर येऊन उभा राहणारा माणूस चैन करत नव्हता, हे तिला त्या स्टुलावर बसून कळलं.

"उजवा पाय, गुडघ्याखाली, बंद. घोटा, बंद. तळवा, बंद. डावा पाय, तसाच." टाइपरायटर केव्हाच थांबला होता. कारकून ऐकत बसला होता. तारवाल्यांनी डोळे उघडले नाहीत. "पुढची ठाणी केव्हाची बंद आहेत, साहेब," ते म्हणाले. "कळवायचं राहून गेलं."

"कळलं," मोठे डॉक्टर म्हणाले.

परतीच्या वाटेवर मावशी म्हणाली, "बटणांचं मला सांगायचं होतं तुम्ही."

"तू लावतच होतीस की," तारवाले म्हणाले.

महिन्याभराने निकाल आला. अपील मंजूर. अपंगत्व साठ टक्के. वन्संनी तो कागद हातातून ओढून घेतला, दोनदा वाचला आणि ओट्याच्या कडेला टेकून म्हणाल्या, "साठ. वहिनी, दादा पहिल्या वर्गात आला." दुपारपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं. तारवाले मात्र नाराज दिसले. संध्याकाळी ते मावशीला म्हणाले, "कंपाउंडर म्हणत होता सत्तर मिळतील. फेरतपासणीला अर्ज करता येतो का गं?" मावशीने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे कंपाउंडरने स्वतःचं औषधाचं दुकान टाकलं आणि चांगला जाडजूड झाला. कारकून मंडळातच राहून मोठ्या जागेवर चढला, आणि म्हाताऱ्या फौजींना तपासणीआधी दारातच सांगू लागला, की आत साहेबाला खूश करू नका, खबर द्या. मोठे डॉक्टर मंडळातूनही निवृत्त झाल्यावर एकदा पायांच्या विभागात अवचित आले, तारवाल्यांचे नवे बूट हातात घेऊन त्यांनी शिवण तपासली आणि चहा न घेताच गेले. वन्सं अखेरपर्यंत दादाचा निकाल सांगत राहिल्या, आणि त्यात दरवर्षी एकदोन टक्क्यांची भर पडत गेली. तारवाले पुष्कळ जगले. रोज रात्री मावशी त्यांचे तळवे दिव्याखाली धरून बघायची, ते समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे, आणि दोघांची त्या वेळी घरातल्या सगळ्यांविषयी निवांत निंदा चालायची. जायच्या दिवसापर्यंत ते आपल्या पायांनी चालले.

मावशी त्यानंतरही बरीच वर्षं होती. अपील करायला निघालेल्या गल्लीतल्या, गल्लीबाहेरच्या किती माणसांना तिने सल्ला दिला याची गणती नाही, आणि सल्ला एकच, की डॉक्टरसमोर हुशारी दाखवायची नाही, जे आहे ते सांगायचं. म्हातारपणी तिला दिसेनासं झालं तेव्हा सुनेने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बाहेर ओळीत बसल्या बसल्या मावशीने आतल्या पेशंटने वाचलेली सगळी अक्षरं ऐकून पाठ केली, आत जाऊन शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा म्हटली, आणि चष्म्याशिवाय बाहेर येऊन सून समजून शेजारच्या एका अनोळखी बाईचा हात धरून म्हणाली, "चल. माझे डोळे उत्तम आहेत."